रविवारच्या गो-बैठकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी साडेनऊला पुण्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही काही मित्रमंडळी गो खेळायला जमतो. नवीन माणूस आला की साधारण हेच प्रश्न निघतात, आणि चालू डावावरून उठून दिलेली उत्तरं नेहमी अपुरी राहतात. म्हणून एकदा नीट बसून लिहून काढली.

गो म्हणजे काय? बुद्धिबळासारखाच का?

पटावर १९ आडव्या आणि १९ उभ्या रेघा असतात. सोंगटी घरात ठेवायची नसते, रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठेवायची. अशा ३६१ जागा. एकाकडे काळ्या सोंगट्या, दुसऱ्याकडे पांढऱ्या. आळीपाळीने एकेक ठेवत जायचं. एकदा ठेवलेली सोंगटी सरकत नाही. कैद झाली तरच उचलली जाते.

बुद्धिबळात सैन्य आधी मांडलेलं असतं आणि डाव पुढे जाईल तसा पट रिकामा होतो. इथे पट कोराच असतो आणि भरत जातो. राजा नाही, वजीर नाही, सगळ्या सोंगट्या एकाच तोलामोलाच्या. कोण जास्त मुलूख, म्हणजे आपल्या सोंगट्यांनी वेढलेली मोकळी जागा, आखून घेतो, एवढाच सवाल. चीनमध्ये हा खेळ अडीच हजार वर्षांपासून खेळला जातो. तिथलं नाव वेइछी, म्हणजे वेढा घालण्याचा खेळ. कोरियात बादुक, जपानमध्ये इगो. आपल्याकडे तो बहुतेक जपानी वाटेने आला, त्यामुळे आमच्या तोंडी जपानी शब्द जास्त असतात. पुण्यात जपानी भाषा शिकणारे पुष्कळ, आणि आमच्यातले निम्मे त्या वर्गांमधूनच इकडे वळलेले आहेत.

येण्याआधी काही शिकून यावं लागतं का?

नाही. व्हिडिओ पाहून आलात तरी चालेल, कोरे आलात तर जास्त बरं. पहिल्या दिवशी आम्ही मोठा पट काढतच नाही. ९ बाय ९ च्या छोट्या पटावर बसवतो आणि एकच सांगतो: जो समोरच्याची सोंगटी आधी पकडेल तो जिंकला. हा सोपा प्रकार जपानी व्यावसायिक खेळाडू यासुदा यासुतोशी यांनी मुलांमध्ये खूप रुजवला. पाच-सहा डावांत हात बसतो, मग मुलखाची गोष्ट सुरू करतो.

नियम किती आहेत?

कागदाच्या एका बाजूला मावतात. मुख्य नियम श्वासाचा. सोंगटीला लागून रेघेवर जितक्या जागा मोकळ्या, तितके तिचे श्वास. पटाच्या मध्यावर चार, कडेला तीन, कोपऱ्यात दोनच. चिनीत या मोकळ्या जागेला ‘ची’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ श्वास किंवा हवा असाच आहे, त्यामुळे आम्ही श्वास म्हणतो तेव्हा काही वेगळं करत नाही. एकाच रंगाच्या शेजारच्या सोंगट्या रेघेने जोडल्या गेल्या की त्यांचे श्वास सामाईक होतात. सगळे श्वास कोंडले की तो गटच्या गट उचलला जातो. एकच श्वास उरला असेल तर त्या स्थितीला ‘आतारी’ म्हणतात. बुद्धिबळात शह दिल्यावर सांगतात, तसं इथे सांगण्याची सक्ती नाही, पण नवख्याला आम्ही सांगतो.

आता दोन डोळे. गटाच्या पोटात दोन वेगवेगळ्या मोकळ्या जागा, म्हणजेच डोळे, असतील तर तो गट कधीच मरत नाही, कारण समोरच्याला एका वेळी एकच जागा बुजवता येते, आणि तिथे ठेवलेल्या त्याच्याच सोंगटीला श्वास नसतो. हे वाक्य पहिल्यांदा वाचून कळत नाही. म्हणून पटावर एक मांडणी करून दाखवतो: काळ्याच्या गटाच्या पोटात सरळ रेषेत तीन जागा मोकळ्या आहेत, बाहेरून तो पूर्ण वेढलेला आहे. पाळी काळ्याची असेल तर त्याने मधली जागा घ्यायची. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, दोन डोळे झाले, गट अमर. पाळी पांढऱ्याची असेल तर तोही मधलीच जागा घेणार, आणि काळा संपला. तीच जागा, तोच बिंदू, फक्त पाळी कुणाची एवढाच फरक. नवीन माणसाच्या चेहऱ्यावर हे उमटताना पाहायला मला अजूनही आवडतं. बहुतेक जण ती मधली सोंगटी उचलून पुन्हा ठेवून बघतात.

‘को’ हा काय प्रकार आहे?

कधी कधी अशी स्थिती येते की तुम्ही माझी एक सोंगटी उचलता, लगेच मी तुमची तीच ठेवलेली उचलू शकतो, मग पुन्हा तुम्ही माझी. हे अनंतकाळ चालेल. म्हणून नियम असा की लगेच परत उचलायचं नाही. मध्ये एक खेळी दुसरीकडे करायची. मग ती दुसरीकडची खेळी अशी धाकाची शोधायची की समोरच्याला उत्तर देणं भाग पडावं. चांगल्या डावात कोची झुंज तीस-चाळीस खेळ्याही चालू शकते.

या शब्दाचं मूळ समजलं तेव्हा मी चकित झालो. जपानी ‘को’ म्हणजे बौद्ध ग्रंथांतला ‘कल्प’. संस्कृत शब्द चिनी लिपीतून जपानमध्ये गेला आणि अंतहीन काळाचा वाचक म्हणून गोच्या पटावर बसला. पूजेच्या संकल्पात ‘श्वेतवाराहकल्पे’ म्हणताना आपण जो कल्प उच्चारतो, तोच हा.

डाव संपला हे कळतं कसं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत अवघड प्रश्न. इथे शहमात नाही. आता कुठेही खेळून काही मिळणार नाही असं वाटलं की तुम्ही ‘पास’ म्हणता. समोरच्यालाही तसंच वाटलं तर तोही पास म्हणतो, आणि डाव थांबतो. म्हणजे डाव संपला यावर दोघांचं एकमत व्हावं लागतं. नवख्याला ते जमत नाही, कारण कुठला गट मेलेला आहे हे त्याला दिसत नसतं. अशा वेळी शंका असेल तर खेळत राहा, आम्ही कंटाळत नाही.

मोजणी आम्ही जपानी पद्धतीने करतो. मेलेल्या सोंगट्या उचलायच्या, कैद केलेल्या समोरच्याच्या मुलखात भरायच्या, मग उरलेल्या मोकळ्या जागा दहा-दहाच्या चौकोनात जुळवून घ्यायच्या. जुने खेळाडू बोटांनी सोंगट्या इकडून तिकडे सरकवत अर्ध्या मिनिटात वाकडातिकडा मुलूख सरळ आयतांत आणून ठेवतात. काळा पहिली खेळी करतो, त्याचा त्याला फायदा होतो, म्हणून पांढऱ्याला शेवटी साडेसहा गुण वरचे मिळतात. याला ‘कोमी’ म्हणतात. अर्धा गुण अशासाठी की बरोबरी होऊ नये. चीनमध्ये कोमी साडेसात आहे, कारण तिथली मोजणी वेगळी आहे.

मी अगदी नवखा. जुन्या खेळाडूंना माझ्याशी खेळून कंटाळा नाही का येणार?

हा प्रश्न लोक जरा संकोचून विचारतात, आणि याचं उत्तर द्यायला मला सर्वांत जास्त आवडतं. गोमध्ये ‘हँडिकॅप’ आहे, आणि तो दयेपोटी दिलेली सवलत नाही; तो खेळाचाच भाग आहे. दोघांच्या पातळीत जितक्या पायऱ्यांचं अंतर, तितक्या काळ्या सोंगट्या आधीच पटावर मांडायच्या, दोनपासून नऊपर्यंत, पटावर ठळक ठिपके असतात त्या जागांवर. मग पांढरा खेळायला सुरुवात करतो. एवढं केलं की दोघांनाही घाम फुटतो. बुद्धिबळात वजीर काढून खेळलं तर खेळाचा चेहराच बदलतो. इथे नऊ सोंगट्या दिल्या तरी खेळ तोच राहतो.

मागच्या पावसाळ्यातलं सांगतो. आमच्याकडे बँकेतून निवृत्त झालेले एक काका येतात, आणि चौथीतली एक मुलगी तिच्या बाबांबरोबर येते. त्या दिवशी काकांनी तिला नऊ सोंगट्या दिल्या होत्या. बाहेर धो-धो पाऊस, हॉलचे दिवे लावलेले. तासभर ती मान खाली घालून खेळत होती. एका कोपऱ्यात काकांनी तिचा गट वेढत आणला, तिने डोळे मिटून बोटांवर काहीतरी मोजलं, आणि अशी एक सोंगटी ठेवली की काकांच्याच पाच सोंगट्या अडकल्या. काका बराच वेळ पटाकडे बघत बसले, मग म्हणाले, “बाळा, पुढच्या वेळी आठच देणार हं.” ती दोन गुणांनी जिंकली. खरं बक्षीस तिला त्या ‘आठच’ शब्दातून मिळालं. हल्ली ती सहा सोंगट्या घेते.

आपल्या राज्यात बुद्धिबळाला शिक्षक आहेत, वर्ग आहेत, स्पर्धा आहेत. सांगलीचं नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ पासून काम करतंय, आणि २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. गोला इथे यातलं फारसं काही नाही. इथे जो दोन पायऱ्या वर आहे तो खालच्याला शिकवतो, आणि तो त्याच्या खालच्याला. जुन्यांनी नवख्यांशी खेळणं थांबवलं तर आमची बैठक सहा महिन्यांत बंद पडेल. म्हणून आमचा एकच पक्का नियम आहे: प्रत्येक जुन्या खेळाडूने सकाळचा पहिला डाव आपल्यापेक्षा कच्च्या माणसाशी खेळायचा.

क्यू आणि दान म्हणजे काय?

पातळ्या. नवखा साधारण ३० क्यूपासून सुरू करतो आणि आकडा कमी होत १ क्यूपर्यंत येतो. त्यानंतर १ दान, २ दान अशा चढत्या पायऱ्या. हौशी खेळाडूंमध्ये एका पायरीचं अंतर म्हणजे साधारण एका सोंगटीचा हँडिकॅप. व्यावसायिकांचे दान वेगळे, १ ते ९. ही दानाची पद्धत जपानी गो-गुरू होनिन्बो दोसाकू (१६४५–१७०२) यांच्या नावावर सांगितली जाते. सारीपाटातल्या दानाशी याचा संबंध नाही; गोमध्ये फासे नाहीत, नशीबही नाही.

डाव संपल्यावर तुम्ही पुन्हा तोच डाव मांडत बसता. ते कशासाठी?

त्यासाठीच तर आम्ही जमतो. दोघं मिळून पहिल्या खेळीपासून डाव पुन्हा मांडतात आणि वाट कुठे चुकली ते शोधतात. एवढ्या खेळ्या आठवतात कशा, असं सगळे विचारतात. विचार करून ठेवलेली सोंगटी आठवते. सहज ठेवलेली आठवत नाही. न आठवणं हेसुद्धा काहीतरी सांगतं.

माझा पहिला महिना होता. माझी एक सोंगटी आतारीत आली, मी ती वाढवून वाचवली. समोरच्या मित्राने पुन्हा आतारी दिली, मी पुन्हा वाढवली. एकदा उजवीकडून, एकदा खालून, अशी नागमोडी पळापळ पटाच्या मधल्या भागापासून थेट कडेपर्यंत गेली. कडेला पोहोचलो तेव्हा माझ्या सतरा-अठरा सोंगट्या एकाच झटक्यात उचलल्या गेल्या. या प्रकाराला ‘शिडी’ म्हणतात. डाव संपल्यावर मित्राने माझ्या पराभवावर काही भाष्य केलं नाही. त्याने शांतपणे सगळ्या सोंगट्या मागे घेत घेत डाव पहिल्या आतारीपर्यंत आणला आणि विचारलं, “आता इथून तिरकी नजर टाक. समोरच्या कोपऱ्यात तुझं कुणी आहे का?” नव्हतं. असतं तर शिडी तुटली असती. पळायच्या आधी वाटेच्या शेवटी आपलं माणूस आहे का ते बघायचं, हे तेव्हा जे डोक्यात बसलं ते आजतागायत हललेलं नाही.

या पुनर्मांडणीचे दोन नियम आहेत. जिंकलेल्याने आधी स्वतःची चूक दाखवायची. आणि बाजूला उभ्या असलेल्यांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, मग ते कितीही पोचलेले असोत.

ऑनलाइन कधीही कुणाशीही खेळता येतं. मग रविवारी यायचं कशाला?

ऑनलाइन जरूर खेळा, आम्हीही खेळतो. आठवड्यात तेवढाच सराव होतो. पण तिथे हरल्यावर समोरचा निघून जातो, आणि तुमची सतरा सोंगट्यांची शिडी तुमच्याजवळच राहते.

संगणकाने माणसाला हरवलं. आता या खेळात काय उरलं?

मार्च २०१६ मध्ये सोलला अल्फागो या संगणक प्रोग्रॅमने कोरियाचे अव्वल खेळाडू ली सेडोल यांना ४–१ असं हरवलं. दुसऱ्या डावात अल्फागोची ३७वी खेळी पाहून समालोचक व्यावसायिकांना वाटलं की चूक झाली असावी. चौथ्या डावात ली यांनी ७८वी खेळी अशी केली की यंत्र गडबडलं आणि तो डाव त्यांनी जिंकला. पुढच्या वर्षी चीनमधल्या वूझेनला चीनचे अव्वल खेळाडू के जिए त्याच अल्फागोकडून ०–३ हरले. २०१९ मध्ये ली सेडोल निवृत्त झाले. हे सगळं खरं आहे, आणि त्याचं दुःख मला झालं होतं, हेही लिहायला हवं.

पण त्यानंतर खेळणं थांबलं नाही. आज काटागोसारखा मोफत प्रोग्रॅम घरच्या संगणकावर चालतो आणि आपल्या डावातली प्रत्येक चूक टक्क्यांत दाखवतो. आमचं म्हणणं इतकंच की आधी दोघांनी मिळून डाव मांडा, आपापलं मत सांगा, मग यंत्राला विचारा. यंत्र उत्तर बरोबर देतं, पण तुम्ही ती चूक का केलीत हे त्याला माहीत नसतं. समोर बसलेल्याला बहुतेक वेळा माहीत असतं.

पट आणि सोंगट्या कुठून आणता?

पहिली दोन वर्षं आमच्याकडे बोहरी आळीतून आणलेली शर्टाची बटणं होती, काळी आणि पांढरी. पट सुताराकडून प्लायवूड कापून आणून स्वतः आखला. पहिला पट अचूक चौरस आखला आणि खेळायला बसल्यावर तो बुटका दिसायला लागला. नंतर समजलं की जपानी पट चौरस नसतोच: साधारण ४५.५ बाय ४२.४ सेंटिमीटर. बसलेल्या माणसाला लांबून तिरकं दिसतं, म्हणून खेळाडूंच्या दिशेने तो थोडा लांब ठेवतात. दुसऱ्या पटाला एक घर २२ मिलिमीटर रुंद आणि २३.७ लांब धरलं. सुताराने गुण्या लावून दोनदा तपासलं आणि विचारलं, माप नक्की बरोबर आहे ना? सोंगट्यांतही अशीच गंमत आहे. पांढरा रंग डोळ्याला मोठा भासतो, म्हणून काळी सोंगटी किंचित मोठी करतात. उत्तम जपानी सोंगट्या पांढऱ्या शिंपल्याच्या आणि काळ्या ‘नाची’ नावाच्या दगडाच्या असतात. आमच्या आताच्या सोंगट्या काचेच्या आहेत आणि त्या आम्हाला पुरेशा आहेत.

तुम्हाला काहीही विकत घ्यायची गरज नाही. घरी सराव करायचा तर चौकटीच्या वहीच्या पानावर नऊ बाय नऊ रेघा गिरवा, एका वाटीत राजमा घ्या, एकीत छोले.

बसण्या-बोलण्याच्या काही रीती आहेत का?

थोड्या. सुरुवातीला आणि शेवटी किंचित मान लववून नमस्कार. रंग ठरवायला एकी-बेकी: वयाने किंवा पातळीने मोठा असेल त्याने मूठभर पांढऱ्या सोंगट्या घ्यायच्या, दुसऱ्याने एकी की बेकी ते सांगायचं, ओळखलं तर काळा रंग त्याचा. सोंगटी तर्जनी आणि मधल्या बोटात धरून ठेवायची; पहिल्या दिवशी पडते, आठवड्याभरात जमतं. वाटीत हात घालून सोंगट्या खळखळवू नका. ठेवलेली खेळी मागे घ्यायची नाही, छोट्या मुलांनीसुद्धा नाही. हरत असाल आणि वाट दिसत नसेल तर ‘हरलो’ म्हणायला हरकत नाही. तो अपमान समजला जात नाही.

फी किती? किती वेळ लागतो?

फी नाही. चहाचे पैसे आळीपाळीने. लहान पटावरचा डाव वीस मिनिटांत होतो, मोठ्याला तास-दीड तास धरा. पूर्वी आम्ही एका कॅफेत बसायचो; एका चहावर तीन तास टेबल अडवून बसणं त्यांना परवडेना आणि एके दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितलं. वाईट वाटलं, पण त्यांचंही बरोबर होतं. आता हॉल आहे, तरी एक वाजता तो मोकळा करून द्यावा लागतो.

एक वाजला आणि डाव अर्धाच राहिला तर?

तर पटाचा फोटो काढायचा, कुणाची पाळी आहे ते वहीत लिहायचं, आणि पुढच्या रविवारी तिथूनच सुरू करायचं. अर्धवट डाव आम्ही कधी सोडून देत नाही. याला एक कारण आहे, ते नवीन लोकांना मी नेहमी सांगतो.

६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी हिरोशिमाच्या बाहेर इत्सुकाइची या ठिकाणी होनिन्बो या जपानी गोमधल्या मानाच्या किताबाच्या लढतीतला दुसरा डाव चालू होता. हाशिमोतो उतारो आणि इवामोतो काओरू समोरासमोर बसले होते. तिसरा दिवस होता, आधीची मांडणी नुकतीच पुन्हा पटावर लावली होती. बाँब पडला. काचा फुटल्या, पटावरच्या सोंगट्या विखुरल्या. शहरात काय झालं आहे याची त्यांना पूर्ण कल्पना नव्हती. काही वेळाने त्यांनी सोंगट्या पुन्हा जागच्या जागी लावल्या आणि त्याच दिवशी डाव पूर्ण केला. पांढऱ्याने, म्हणजे हाशिमोतोंनी, पाच गुणांनी जिंकला. किताब अखेर पुढच्या वर्षी इवामोतोंना मिळाला. इवामोतोंनी नंतर आयुष्याची कितीतरी वर्षं जपानबाहेर गो पोचवण्यात घालवली; परदेशांत गोची केंद्रं उभी केली.

आमची वही हॉलच्या कपाटात, वरच्या खणात असते. सध्या तिच्यात तीन डाव अर्धे आहेत. त्यातला एक त्या चौथीतल्या मुलीचा आहे, पाळी तिची आहे.